पिच्चर कवा यायलाय?

नवं वर्ष तोंडावर आलं की वर्तमानपत्रांत एक यादी हमखास छापून येते. येत्या वर्षात कोणकोणते सिनेमे येणार, कोणत्या तारखेला येणार, त्यात कोण आहे. शहरातली मुलं ती यादी मोबाइलवर एकमेकांना पाठवतात, त्यावर वाद घालतात, पैजा लावतात. आपण बायका मात्र ते पान उलटून पुढे जातो. निदान असा आपला समज असतो. माझाही होता.

२०२५ साल सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. माहेरी, धाराशिव जिल्ह्यातल्या माकणीला गेले होते. लोहारा तालुक्यातलं हे गाव. तेरणेवरच्या धरणामुळे आमच्या भागात त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक. चुलतभावाच्या घरी चहाला बसले, तर स्वयंपाकघराच्या दाराशेजारी नवं कोरं कॅलेंडर टांगलेलं. सवयीनं पानं चाळली. आपल्या घरातल्या कॅलेंडरवर जे असतं तेच तिथंही होतं. बचत गटाच्या हप्त्याची तारीख, पोराच्या परीक्षेची तारीख, कुणाच्या तरी लग्नाची तारीख. पण मधूनमधून लाल पेनानं आणखी काही लिहिलेलं. जानेवारीच्या पहिल्याच चौकोनात ‘क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम’. १ मेच्या चौकोनात ‘राजा शिवाजी’. दिवाळीच्या पानावर ‘रामायण’.

“हे कुणी लिहिलंय गं वैनी?”

“मीच की वन्सं,” वहिनी चुलीकडं तोंड करून हसली. “पेपरात आलं हुतं, उतरून घेतलं. रितेश देशमुख तर आपल्या लातूरचाच. बाभळगाव काय लई लांब हाय व्हय?”

ओसरीवरून काकूंचा आवाज आला, “पिच्चर बघून पोट भरतंय व्हय गं?”

“पोट ज्यानं भरतंय ते सोयाबीन तर आवंदा पान्यातच गेलं की आत्याबाई,” वहिनीनं आतूनच उत्तर दिलं. काकू गप्प झाल्या. मग त्याच हळूच म्हणाल्या, “ते रामायणाचं कवा यायलंय म्हनलीस?”

मी हसले खरी, पण ती लाल अक्षरं डोक्यातून जाईनात. निघताना वहिनीला विचारलं, “आजवर थेटरात जाऊन किती बघितलेस गं?” तिनं बोटं मोजली. तीन. पहिला ‘माहेरची साडी’, तोही आईच्या मांडीवर बसून. “त्यातलं काय बी याद न्हाई वन्सं. आई रडायली म्हनून मी बी रडले, येवढंच याद हाय.” दुसरा ‘सैराट’, तिसरा ‘बाईपण भारी देवा’. सगळ्या आयुष्यात तीन सिनेमे थिएटरात पाहिलेली बाई दर वर्षी येणाऱ्या सिनेमांच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवते! मैत्रिणींनो, आज या लाल अक्षरांबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे.

बाईच्या कॅलेंडरवरच्या तारखा एकदा नीट बघा. त्यातल्या बहुतेक दुसऱ्यांच्या असतात. मुलांची परीक्षा, सासऱ्यांचा दवाखाना, नवऱ्याच्या पीककर्जाचा हप्ता, नणंदेचं बाळंतपण. घराबाहेर पडायलाही तिला कारण लागतं आणि ती कारणंही ठरलेली. दवाखाना, लग्न, माहेर आणि देवदर्शन. आमच्याकडं नवरात्रात बायका तुळजापूरला पायी चालत जातात, कुणी अडवत नाही. देवीचं कारण मोठं आहे. सिनेमाला मात्र असं कुठलंच कारण नाही. ‘मला बघायचाय’ एवढंच कारण. आणि नेमकं तेवढंच सांगायला बाईची जीभ रेटत नाही. म्हणून ती सांगत नाही, लिहून ठेवते.

आता आपण गेलोच नाही असंही नाही. आपल्या आज्या-पणज्या गेल्या होत्या. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला तेव्हा त्यात तारामतीचं काम करायलासुद्धा बाई मिळाली नव्हती, ते काम अण्णा साळुंके यांनी केलं. पण पुढं पन्नास-साठ वर्षांत गावोगावच्या जत्रांत तंबूतले सिनेमे येऊ लागले. दुपारपासून कर्ण्यावरून पुकारा व्हायचा. तंबूत दोरी किंवा पडदा बांधून एक बाजू बायकांसाठी राखून ठेवलेली असायची. पटकूर अंथरून, लेकरं मांडीवर घेऊन बायका खाली जमिनीवर बसायच्या. रीळ तुटलं की दंगा, जोडलं की शांतता. जत्रा देवाची, म्हणून जाण्याला कारणही मिळायचं. देवदर्शनाच्या पदराखाली सिनेमा झाकून नेता यायचा म्हणा ना! जत्रांतल्या या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट केला, २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याचं कौतुक झालं. तोवर ते तंबू जवळजवळ उठलेच होते.

१९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदला सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ आला तेव्हा बायका चपला बाहेर काढून थिएटरात जायच्या, पडद्यावर नाणी उधळायच्या. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ला तर खेड्यापाड्यांतून बैलगाड्या, टेम्पो भरून बायका आल्या. शहाण्यासुरत्या लोकांनी तेव्हा नाकं मुरडली. रडका सिनेमा, सोशिक बाईचं उदात्तीकरण वगैरे. त्यांचं म्हणणं सगळं खोटं नव्हतं. पण वहिनीची आई त्या अंधारात नेमकी कशासाठी रडली हे त्यांना कुठं ठाऊक होतं? घरात चार माणसांसमोर रडायची सोय नव्हती. तीन तास अंधार, शेजारीपाजारी सगळ्याच रडणाऱ्या आणि कुणी ‘का रडतेस’ म्हणून विचारणारं नाही. तिकिटाच्या पैशांत ही एक सोयही मिळत होती.

मग ‘सैराट’. २९ एप्रिल २०१६. ती तारीख मराठवाड्यानं विसरू नये. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. घागरी रांगेत लावून बायका टँकरची वाट बघत होत्या. आणि त्याच दिवसांत शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा सिनेमा आला आणि तिकिटांच्या रांगा लागल्या. काही ठिकाणी मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. शंभर कोटींच्या घरात जाणारा तो पहिला मराठी सिनेमा ठरला. ‘प्यायला पाणी नाही आणि लोकांना सिनेमे सुचतात,’ असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मला ते वाक्य अजून टोचतं. दुष्काळात माणसानं फक्त दुष्काळच जगावा काय? पाण्याच्या रांगेत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या पोरींना अकलूजच्या रिंकू राजगुरूनं ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी आर्ची दाखवली. रांगेत उभं राहता राहता त्या आर्चीबद्दल बोलल्या. पाणी त्यानं वाढलं नाही, पण रांग थोडी छोटी झाली असेल.

आमच्या भागाला वाईट साल नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि किल्लारी, सास्तूरसकट गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. हजारो माणसं गेली. पुढची कित्येक वर्षं लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. त्यानंतर वर्षभरातच, ऑगस्ट १९९४ मध्ये, ‘हम आपके हैं कौन’ आला. त्या शेडमधल्या पोरींनीही माधुरीच्या जांभळ्या साडीचं नाव काढलं, तशी साडी मिळेल का म्हणून विचारलं. ज्यांची घरं पडली, माणसं गेली त्यांनी साडीची आवड का धरावी, असं म्हणणारे तेव्हाही होते. पण जिला उद्याची काहीतरी आवड आहे तीच उद्या उठून चूल पेटवते, हेही आम्ही तेव्हा बघितलं. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं धाराशिव जिल्ह्यात उभी पिकं वाहून गेली. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी वहिनीनं कॅलेंडरवर लाल पेनानं तारखा लिहिल्या. म्हणून मला ते चैनीचं लक्षण वाटत नाही.

वाट बघणं ही गोष्ट बाईच्या वाट्याला भरपूर आली आहे. पावसाची, मजुरीची, नवऱ्याच्या येण्याची, निकालाची. या सगळ्या वाट बघण्यात पोटात गोळा असतो. सिनेमाची वाट बघण्यात तो नसतो. न आला तर नुकसान नाही, आला तर आनंद. आणि ही वाट फुकट बघता येते! खुरपताना, धुणं धुताना, गटाच्या बैठकीत. सिनेमाचा पहिला खेळ असा शेतातच होतो. कोण हिरोईन, कपडे कसले, शेवट गोड की कसा. सिनेमा प्रत्यक्ष बघायला मिळो न मिळो, ही मजा कुणी काढून घेऊ शकत नाही.

पण म्हणून वाट बघण्यावरच बाईनं समाधान मानावं, असं म्हणायला मी काही ही जागा अडवलेली नाही. आता जरा हिशोबाचं बोलू.

‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ ला आला. केदार शिंदे यांचा सिनेमा, सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. त्यात ना मारामारी, ना मोठा हिरो. तरी बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून, गटागटानं थिएटरात गेल्या आणि सत्तर कोटींच्या वर गल्ला जमला. हे कसं झालं? एक तर ऐकीव कौतुक. एकीनं बघितलं, तिनं चौघींना सांगितलं, त्यांनी सोळा जणींना. दुसरं म्हणजे त्याच वर्षी १७ मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं. शहरातल्यांना याचं महत्त्व कळणार नाही. खेड्यातल्या बाईच्या सिनेमाच्या खर्चात तिकिटाइतकंच भाडं असतं. ते निम्मं झालं आणि ‘एवढ्या लांब कशाला’ हा प्रश्नही निम्मा झाला. वहिनी आणि तिच्या गटातल्या अकराजणी अशाच गेल्या होत्या. त्या साली जून कोरडा गेला होता, पेरण्या रखडल्या होत्या, म्हणून हातात दिवसही होता. पाऊस वेळेवर आला असता तर हा सिनेमाही कॅलेंडरवरच राहिला असता.

इथंच खरी मेख आहे. सिनेमा शुक्रवारी लागतो. शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांत किती गल्ला जमला त्यावर पुढच्या आठवड्यात त्याला किती खेळ द्यायचे हे ठरतं. आता सांगा, पहिल्या तीन दिवसांत कोण जातं? पोरं जातात. फटफटीवर तिघं बसून, रात्रीचा शेवटचा खेळ बघून, पहाटे घरी येतात. त्याच घरातली बहीण दुसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडून गोष्ट ऐकते. बाईला जायचं तर आधी चार जणी जमायला हव्यात, मजुरीचा खाडा जुळायला हवा, घरी विचारायला हवं, परतीची एसटी बघायला हवी. यात आठ-दहा दिवस सहज जातात. ती तयार होते तोवर सिनेमा उतरलेला असतो! ‘बायका मराठी सिनेमाला येत नाहीत’ असं मग म्हणायला हे मोकळे. अहो, येत नाहीत कशा? येतात, पण दुसऱ्या आठवड्यात येतात. तेवढा धीर कुणी धरायचा?

महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये मल्टिप्लेक्समधल्या मराठी सिनेमाच्या वेळेचा प्रश्न हाती घेतला, केवढा गदारोळ झाला. २०२३ मध्ये भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘टीडीएम’ला पुरेसे खेळ मिळेनात म्हणून त्यातल्या कलाकारांवर रडायची वेळ आली. या सगळ्या चर्चेत ‘प्राइम टाइम’ म्हणजे संध्याकाळ आणि रात्र असंच सगळे धरून चालतात. खेड्यातून येणाऱ्या बाईचा प्राइम टाइम दुपारी १२ ते ३ आहे. भाकऱ्या थापून, लेकरं शाळेत लावून निघायचं आणि दिवेलागणीच्या आत घरात यायचं. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या थिएटरवाल्यांनी कौटुंबिक सिनेमाचा दुपारचा एक खेळ दोन आठवडे तरी हलवू नये. पंचवीस-तीस बायकांच्या गटानं आगाऊ सांगितलं तर त्यांच्यासाठी जागा राखून ठेवाव्यात. यात कुणावर उपकार नाहीत, धंद्याचंच गणित आहे. ‘बाईपण’नं ते सिद्ध करून दाखवलंय.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच यादीत छापून येत नाही. थिएटरातली बायकांची स्वच्छतागृहं. तीन तासांचा सिनेमा, त्याआधी दीड-दोन तासांचा एसटीचा प्रवास. किती तरी जणी सकाळपासून पाणी न पिता सिनेमाला जातात, ठाऊक आहे? बसस्थानकावरची अवस्था काय असते ते मी वेगळं सांगायला नको. आवाज चारी बाजूंनी घुमवायला, खुर्च्या मऊ करायला जेवढा पैसा लागतो त्याचा थोडा अंश पाणी, दिवा आणि कडी लागणारं दार यावर खर्च झाला तर बायकांची गर्दी आपोआप वाढेल.

पैशाचंही बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तिकीटच शंभराच्या आत असेल तर त्याचा उपयोग. मोठ्या शहरांतल्या चकचकीत थिएटरात शंभरात काही मिळत नाही, लाह्यासुद्धा नाहीत! पण तालुक्याच्या गावातली जुनी एकपडदा थिएटरं टिकली तर हा फायदा आपल्यापर्यंत पोहोचेल. एक एक करून ती बंद पडताहेत आणि त्या जागी मंगल कार्यालयं, गाळे उभे राहताहेत. थिएटर बंद पडलं की पोरं मोबाइलकडं वळतात, त्यांचं भागतं. घरातला मोबाइल बाईच्या हातात किती वेळ असतो आणि त्या वेळात ती भाजी चिरत असते की सिनेमा बघत असते, हे तुम्हीच ठरवा.

“मग घरी टीव्ही आहे ना, महिना-दोन महिन्यांत लागतोच की,” असंही म्हणणारे भेटतील. लागतो ना. पण टीव्हीवरचा सिनेमा बाई उठबस करत बघते. मध्येच पाहुणा येतो, मध्येच दूध उतू जातं, मध्येच कुणीतरी बातम्या लावतं. थिएटरात तिला कुणी हाक मारू शकत नाही. तीन तास ती कुणाची सून नाही, आई नाही, बायको नाही. खुर्चीवर बसलेलं एक माणूस आहे. मला वाटतं, सिनेमाइतकंच हेही बघायला बायका जातात.

थोडं आपल्यालाही सांगते हं. सिनेमाला जायचं म्हटलं की आपणच आधी दहा सबबी काढतो. तारखाही पुढं सरकतात हे खरं. ‘झिम्मा’ एप्रिल २०२१ मध्ये यायचा होता, करोनामुळं नोव्हेंबर उजाडला. पण तो आला आणि इंग्लंडला सहलीला गेलेल्या त्या सातजणींना बघायला बायका गेल्याच. सिनेमा एकवेळ उशिरा का होईना येतो, आपणच जात नाही. तेव्हा गटाच्या बैठकीत हप्त्याबरोबर महिन्याला दहा-वीस रुपये सिनेमाचे म्हणून बाजूला काढता येतील. वर्षाकाठी दोन सिनेमे सहज होतात. एकटीनं विचारलं की ‘कशाला’ म्हणतात, बाराजणी निघाल्या की ‘कधी येणार’ एवढंच विचारतात. आणि सासूला बरोबर न्या. निम्मी परवानगी तिथंच मिळते!

आणि घरातल्या पुरुषांना एवढंच सांगणं आहे की भिंतीवरचं कॅलेंडर एकदा वाचा. हप्त्याच्या तारखा तुम्ही वाचताच. त्याच्या शेजारी एखादं लाल अक्षर दिसलं तर हसू नका. त्या दिवशी सकाळी म्हशीचं दूध काढा, दुपारी पोरांना वाढा आणि म्हणा, ‘जा, बघून या.’ तुमच्या शर्यती, तुमचे क्रिकेटचे सामने, तुमचे पहिल्या दिवसाचे पहिले खेळ यांना तिनं कधी कारण विचारलं होतं का?

माकणीहून निघताना वहिनी एसटीपर्यंत सोडायला आली होती. गाडीला वेळ होता. मी म्हटलं, “१ मेला सुट्टी असती बघ. मी येते. लातूरला जाऊ दोघी.”

“दोघी कशाला वन्सं?” ती म्हणाली. “आत्याबाईला घिऊ की. रामायनाला न्हेत न्हाई तंवर त्यास्नी धीर धरवंना. आधी ह्यो दाखवू, मग दिवाळीचं बघू.”

गाडी आली. खिडकीतून बघितलं तर ती तिथंच उभी राहून दुसऱ्या एकीला काहीतरी सांगत होती. ओठांवरून एवढंच कळलं, की तारीख सांगत होती.